कोकणात हवामान बदलाच्या कामाला पैसे द्यायचेत, तर ते कुणाच्या हातात द्यावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की वडिलांच्या नावाचा छोटा ट्रस्ट आहे, मूळ गाव गुहागर तालुक्यात, राहणं मुंबईला, पुढची पाच वर्षं दरवर्षी साधारण १५ लाख देता येतील, अमेरिकेतला भाऊपण भर घालायला तयार आहे, आणि हा पैसा वादळ-पूर-दरडींना तोंड देण्यासाठी गावातल्या लोकांनी स्वतः ठरवलेल्या कामाला जावा, त्यातही ज्यांच्यापर्यंत कधीच काही येत नाही त्यांच्यापर्यंत आधी पोचावा. आणि सल्ला देणाऱ्यांनी तीन गोष्टी सुचवल्यात, कांदळवन (खाडीतली तिवरांची झाडी) लागवड, सोलर दिवे आणि वादळ आलं की वाटायला किट.

मी रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर बरीच वर्षं हेच काम करतेय, म्हणून सरळच सांगते. तिन्ही गोष्टी सध्या बाजूला ठेवा. तुमचे पैसे तीन जागी लावा: तालुक्यातल्याच दोन माणसांच्या पगाराला, लोकांच्या कागदपत्रांना, आणि पावसाळ्याच्या आधी वाडीच्या, म्हणजे वस्तीच्या, हातात राहील अशा छोट्या फंडाला. ऐकायला फार कोरडं वाटेल, फोटो तर अजिबातच चांगले येणार नाहीत. पण का सांगतेय ते वाचा.

३ जून २०२०ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगर-मुरूड पट्ट्यात धडकलं, दापोली-मंडणगडलाही झोडपलं. सुपारीच्या बागा अक्षरशः आडव्या झाल्या. श्रीवर्धनी रोठा सुपारी ज्यांनी बघितलीय त्यांना कळेल, ते झाड धरायलाच पाच-सात वर्षं जातात, नारळाचंही तसंच, म्हणजे एका दिवसात पुढच्या सहा-सात वर्षांचं उत्पन्न गेलं. आता मदत कशी आली बघा. पहिले दोन महिने ताडपत्री, पत्रे, धान्याची किट, मुंबई-पुण्याहून टेम्पोच्या टेम्पो, देणाऱ्यांचं मन मोठं होतं यात शंकाच नाही. सरकारने फळबागांना हेक्टरी ५० हजार जाहीर केले. आमच्याकडे बाग असते १० गुंठ्यांची, म्हणजे हिशोबाने ५ हजारच्या आसपास. आणि ते ५ हजार कुणाला तर सातबाऱ्यावर ज्याचं नाव आहे त्याला. सातबारा सामाईक, त्यावर आजोबांच्या काळापासूनची पंधरा-वीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत, काही वारलेली, वारस नोंद झालेली नाही, सगळ्यांचं संमतीपत्र आणा म्हणे, आणि वर लॉकडाऊन!

हे झालं ज्याच्या नावावर निदान काहीतरी आहे त्याचं. ज्या बायका वर्षभर दुसऱ्याच्या खळ्यात सुपारी सोलून घर चालवत होत्या त्यांचं काम त्या दिवशीच संपलं, आणि बुडलेल्या मजुरीचा पंचनामा होत नाही, तसा रकानाच नाही. बोटीची भरपाई बोटमालकाला, खलाशाला काही नाही. मासे विकणाऱ्या बायकांचं कधीकधी एखाद्या पॅकेजमध्ये नाव येतं, पण ओहोटीला खाडीत उतरून तिसऱ्या-कालवं (शिंपले) काढणारीचं नुकसान झालं हे सिद्ध करायचा एकही कागद तिच्याकडे नसतो. आणि कातकरीवाड्या, त्या तर बऱ्याच ठिकाणी दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या बसलेल्या, घर उडालं तरी घराखालची जागा कुणाची यावरच गाडी अडते. आदिम जमातींसाठी नोव्हेंबर २०२३मध्ये पीएम-जनमन आलं, घरकुलं आली, तीही कितीतरी वाड्यांत याच कारणाने अडकतात.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की आपत्तीनंतरचा सरकारी पैसा कागदाच्या मागे चालतो, आणि देणगीचा पैसा बहुतेक वेळा फोटोच्या मागे. मधे जी माणसं राहतात, बिनकागदाची आणि बिनफोटोची, तिथे तुमच्यासारख्या ट्रस्टचं काम आहे. सरकारचं काम तुम्ही करू नका, १५ लाखात होणारही नाही. सरकारचा पैसा त्या माणसापर्यंत पोचेल अशी वाट करायला तुमचे १५ लाख पुरेसे आहेत, आणि बाकी कुणी त्या वाटेला पैसे देत नाही.

हा जमिनीच्या कागदाचा प्रश्न कोकणात काही नवा नाही. अलिबाग तालुक्यात चरीचा शेतकरी संप १९३३पासून १९३९पर्यंत चालला, नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी जमिनीच कसायच्या बंद केल्या, उपाशी राहिले पण खोतापुढे, म्हणजे गावच्या जमीनदारापुढे, वाकले नाहीत. मग १९४९चा खोती निर्मूलन कायदा आला. कायदा आला तरी प्रत्यक्षात कुणाचं नाव चढलं आणि कुणाचं राहून गेलं हे आजही गावोगाव दिसतं, आणि बौद्धवाडी पाण्याच्या बाजूला, कातकरीवाडी डोंगराच्या उतारावर ही रचनाही तिथूनच आलेली आहे. मग पूर आला की आधी कुणाच्या घरात शिरतो आणि दरड आली की कुणावर येते? १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळवाडी दरडीखाली गेली, ती ठाकरांची वाडी होती. हवामान बदल आणि सामाजिक न्याय असे दोन विषय तुम्ही प्रश्नात वेगवेगळे लिहिलेत, इथे वाडीत उभं राहिलं की ते वेगळे राहत नाहीत.

आता कांदळवनाबद्दल, कारण हेच सगळ्यात जास्त सुचवलं जातं. कांदळवन हवंच, लाटा अडवतं, माशांची पिल्लं तिथेच वाढतात, राज्याने २०१२पासून त्यासाठी वेगळा कांदळवन कक्ष काढलाय आणि त्यांचं काम मोठं आहे. पण लागवडीचे आकडे गाठायच्या नादात झाडं कुठे लावली जातात ते बघा. खाडीतला उघडा चिखल लागवडवाल्यांना पडीक वाटतो, त्याच चिखलावर रोज ओहोटीला बायका उतरतात, तिथेच तिसऱ्या मिळतात. तिथे रोपं लावून कुंपण घातलं की त्यांची रोजी गेली. दुसरं म्हणजे खारभूमी. पेण-अलिबागकडे समुद्राचं पाणी अडवायला लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या बांध घातले, शिलोत्री बांध म्हणतात, दर घराने एक माणूस द्यायचा आणि उन्हाळ्यात बांध नीट करायचा अशी पद्धत होती, उघाडी, म्हणजे पाणी सोडायची झडप, कधी उघडायची कधी लावायची तेही गावच ठरवायचं. माणसं मुंबईला गेली, बांधाची देखभाल खात्याकडे गेली, आणि आता खांड पडली, म्हणजे बांध फुटला, की ती वर्षानुवर्षं तशीच राहते. खारं पाणी भातशेतीत येतं, दोन-चार वर्षांत तिवरं उगवतात, आणि तिवरं उगवली की ती जमीन संरक्षित धरली जाते, मुंबई हायकोर्टाचे आदेश त्या बाबतीत कडक आहेत आणि असायलाच हवेत, पण ज्या शेतकऱ्याचा बांध वेळेवर नीट झाला नाही म्हणून त्याची शेती गेली त्याच्या नजरेने बघा. त्याला कुणी वाढलेलं हिरवं क्षेत्र दाखवून अभिनंदन केलं तर त्याला काय वाटेल. खांड पहिल्या महिन्यात बुजवायला थोडक्यात भागतं, दोन पावसाळे गेल्यावर लाखांत जातं. हा थोडका पैसा वेळेवर मिळावा, बास, एवढ्यासाठी तो फंड मी म्हणतेय.

त्याला आम्ही आमच्याकडे आगोटीचा फंड म्हणतो, घरात पावसाळ्याआधी सुकी मासळी, लाकडं, तांदूळ भरून ठेवतो तसाच हा पैसा मे महिन्यात वाडीत असला पाहिजे. महिला ग्रामसंघाच्या (बचतगटांच्या गावातल्या संघाच्या) किंवा मच्छी विकणाऱ्या बायकांच्या गटाच्या खात्यात, एका वाडीला लाख-सव्वालाख. काय करायचं ते त्या ठरवतील. कुणी खांड बुजवेल, कुणी शाळेची चावी, जनरेटरचं डिझेल आणि दोरखंड तयार ठेवेल, डोंगराखालच्या वाडीत पर्जन्यमापक बसवून इतका पाऊस पडला की खाली शाळेत यायचं असं ठरवतील आणि त्या रात्री जागणाऱ्याला मजुरी देतील. अट एकच, ठरवणाऱ्यांत त्या वाडीतल्या सगळ्यात खालच्या आणि सगळ्यात वरच्या घरातली बाई असली पाहिजे, म्हणजे पाण्याजवळची आणि डोंगराजवळची. बाकी काही अट घालू नका.

खरंच घालू नका. लोक पैसे खातील ही भीती मला कळते, मुंबईहून पैसे देणाऱ्या प्रत्येकाला असते. पण आमच्या गावांत शिमग्याचा, पालखीचा जमाखर्च सगळ्यांसमोर वाचला जातो, नारळ किती आले आणि किती फुटले इथपर्यंत विचारणारी माणसं आहेत. तीच पद्धत या फंडाला लावा, वर्षातून दोनदा वाडीत बसून वही मोठ्याने वाचायची, तुमच्यापैकी कुणीतरी एकदा हजर राहायचं. बारा पानांचा इंग्रजी रिपोर्ट, तिमाही एक्सेल, जिओटॅग फोटो हे मागितलंत की काय होतं तर ज्या गटाकडे इंग्रजी लिहिणारा मुलगा आहे त्यालाच पैसे मिळतात, आणि तो गट बहुतेक वेळा गावातल्या वरच्या आळीतलाच असतो.

पगाराचं आता. देणारे म्हणतात की आमचा पैसा थेट लोकांना जावा, पगारात जाऊ नये. मला हे पटत नाही, उलट सगळ्यात थेट पोचणारा पैसा पगारच असतो. वारस नोंद, फेरफार, मोजणी, वनहक्काचे २००६च्या कायद्याखालचे दावे, मच्छीमार ओळखपत्र, फळपीक विम्याचा अर्ज, आंब्या-काजूवाल्यांना हवामान केंद्राच्या नोंदीवरून विमा का नाकारला ते विचारणारा अर्ज, ही सगळी कामं एखाद्या शिबिरात होत नाहीत. त्याला तलाठ्याकडे, मंडळ अधिकाऱ्याकडे, तहसीलला परतपरत जाणारं माणूस लागतं, आणि ते माणूस पुढच्या वर्षीही तिथेच असलं पाहिजे. तालुक्यातली शिकलेली मुलगी महिना १८-२० हजारात हे काम मनापासून करते, नाहीतर तीही मुंबईला जाते. दोघींचं वर्षाचं साडेचार लाख धरा. कागदांसाठी दोन लाख ठेवा, त्यात मोजणी फी, उतारे, प्रवास, आणि मुख्य म्हणजे तहसीलला जायला ज्या मजूर बाईचा दिवस मोडतो तिला त्या दिवसाची मजुरी, ही मजुरी कुणीच देत नाही आणि त्यामुळेच कागद अर्धवट राहतात. चार वाड्यांना आगोटीचे मिळून पाच लाख. लाखभर हिशोब आणि ऑडिटला, ते टाळू नका. उरलेले अडीच लाख जुलै-ऑगस्टसाठी हाताशी ठेवा, कारण २२ जुलै २०२१सारखा दिवस सांगून येत नाही, त्याच दिवशी तिकडे चिपळूण बुडालं आणि महाडला तळियेवर दरड आली, ८०च्या वर माणसं गेली.

चिपळूणचं उदाहरण मी नेहमी देते. पुरानंतर लोक बचाव समिती करून उपोषणाला बसले, आणि वाशिष्ठी-शिवनदीतला गाळ काढायचं काम त्या रेट्याने सुरू झालं. गाळ काढायला जे कोटी लागतात ते कुठलाही कौटुंबिक ट्रस्ट देऊ शकत नाही. पण लोकांना एकत्र बसायला, माहिती अधिकारात कागद काढायला, नकाशे समजून घ्यायला, मंत्रालयात खेटे घालायला जो थोडा खर्च येतो तो देऊ शकतो. सरकारी तिजोरी हलवायला लागणारा पैसा हा सगळ्यात स्वस्त असतो आणि तरी त्याला देणारा मिळत नाही.

कंपन्यांच्या सीएसआरकडून, म्हणजे समाजकामासाठी राखलेल्या पैशातून, हे का होत नाही असं विचाराल. २०१३च्या कंपनी कायद्याचं कलम १३५, नफ्याच्या २ टक्के, १ एप्रिल २०१४पासून लागू, आणि देशात सगळ्यात जास्त सीएसआर महाराष्ट्रातच खर्च होतो. पण मंजुरी दिवाळीनंतर, पैसे फेब्रुवारीत आणि ३१ मार्चच्या आत खर्चाचा दाखला द्या असा बऱ्याच ठिकाणी प्रकार. चालू प्रकल्प म्हणून तीन वर्षं लांबवायची सोय कायद्यात आहे, वापरणारे कमी. आमचं वर्ष मार्चला संपत नाही हो, आमचं वर्ष मृगाला सुरू होतं. मार्चअखेर घाईने पैसे उडवायचे आणि मेमध्ये बांधाला हात लावायला काही नाही. तुमचा ट्रस्ट या बाबतीत मोकळा आहे, त्याचा फायदा घ्या. जगभरातही चित्र असंच आहे, २००३ ते २०१६ या काळात आंतरराष्ट्रीय हवामान फंडांनी मंजूर केलेल्या पैशातला १० टक्क्यांपेक्षा कमी स्थानिक पातळीसाठी होता असं अभ्यासातून पुढे आलंय.

मोठे प्रकल्प वाईट असतात असं नाही. सिंधुदुर्गात ग्रीन क्लायमेट फंडाचा प्रकल्प आला, आंध्र-ओडिशा-महाराष्ट्र मिळून ४ कोटी ३४ लाख डॉलर अनुदानाचा, त्याआधीही खाडीकिनाऱ्यावर खेकडेपालन, कालवंपालन असे प्रयोग झाले. वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत बायकांचा गट होडीतून पर्यटकांना कांदळवन दाखवतो, आपल्या हाताने वल्ही मारून, तो मला फार आवडतो. तसं टिकतं कुठे तर जिथे गटाचं स्वतःचं गिऱ्हाईक असतं आणि दर ठरवायचा हक्क गटाकडे असतो.

कायद्याच्या बाजूने दोन गोष्टी सीएला आधी विचारा. भाऊ अजून भारतीय पासपोर्टवर असेल तर त्याच्या बचतीतून बँकेमार्फत आलेली रक्कम परदेशी देणगी धरत नाहीत. अमेरिकन पासपोर्ट घेतला असेल, ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिकाचं कार्ड) असलं तरी, तो परदेशी स्रोत ठरतो आणि एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय तुमच्या ट्रस्टला त्याचा एक रुपया घेता येत नाही. नोंदणी घेतलीत तरी सप्टेंबर २०२०च्या दुरुस्तीनंतर तो पैसा पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे. म्हणजे भावाचे पैसे वाडीतल्या गटापर्यंत या वाटेने जाणारच नाहीत, त्याला म्हणावं तू वेगळा दे, कोकणातल्याच एफसीआरए नोंदणी असलेल्या चांगल्या संस्थेला दे. दुसरं, तुमच्या ट्रस्टने दुसऱ्या नोंदणीकृत ट्रस्टला दिलेली देणगी एप्रिल २०२३पासून आयकरात ८५ टक्केच खर्च म्हणून धरतात. त्यामुळे सगळं एका संस्थेला देऊन मोकळं होण्यापेक्षा काही खर्च तुमच्या ट्रस्टने थेट केलेला बरा, ट्रस्टच्या उद्देशांत तो बसतो का एवढं तपासून घ्या.

आता जरा अवघड बोलते. तुम्ही पैसे देताय म्हटल्यावर पहिला फोन येईल तो गावच्या मुंबई मंडळाचा, म्हणजे मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाचा. मंडळातली माणसं आपलीच असतात, गावाबद्दल त्यांना प्रेमही असतं, सभामंडप-कमान-रस्ता त्यांनीच केलेला असतो. पण मंडळात बौद्धवाडीचा माणूस किती वेळा असतो, कातकरी तर नाहीच. पैसा मंडळातून गेला तर तो मंडळ ज्यांचं आहे त्यांच्यापर्यंत जाईल. नम्रपणे नाही म्हणा. आणि दुसरा फोन येईल काम सुरू झाल्यावर, जेव्हा कातकरीवाडीची जागा गावठाण व्हावी म्हणून अर्ज जाईल आणि जमीनमालक निघेल तुमच्याच भावकीतला. किंवा एलईडी लावून मासेमारी करणाऱ्या मोठ्या बोटींविरुद्ध छोटे मच्छीमार तक्रार करतील आणि कुणीतरी म्हणेल की तुमच्या ट्रस्टच्या पैशांनी गावात भांडणं लागली. त्या दिवशी तुम्ही मागे हटलात तर वाडीतल्या लोकांचं नुकसान पैसे न देण्यापेक्षा जास्त होतं, कारण ते उघडे पडलेले असतात आणि त्यांना गावातच राहायचंय. ट्रस्टच्या सगळ्या विश्वस्तांनी बसून हे पहिल्यांदा ठरवा, लेखी ठरवा. सगळ्यांना मान्य नसेल तर नुसतं शाळेला, दवाखान्याला द्या, तेही चांगलंच काम आहे, पण ज्या लोकांनी तुमच्या भरवशावर नाव पुढे केलं त्यांना मधेच सोडू नका.

पाच वर्षं म्हणालात ते मला फार बरं वाटलं. एक वर्षाच्या पैशावर कुणी चांगली मुलगी नोकरी धरत नाही आणि गटही मोठं काही मनात आणत नाही. पहिल्याच पत्रात पाचही वर्षांची रक्कम लिहून द्या, दरवर्षी नव्याने अर्ज मागू नका. पाचव्या वर्षी काय मोजायचं असं कुणी विचारलंच तर मी हे मोजेन: किती घरांच्या जागा नावावर झाल्या, किती विधवांची वारस नोंद झाली, किती खांडी त्याच हंगामात बुजल्या, आणि पुढच्या वादळाच्या पंचनाम्यात आधी नसलेली किती नावं आली.

सुरुवात कुठून करायची तर गणपतीला गावी जालच, त्या वेळी नुसतं भेटा, चेकबुक घरी ठेवा. उमेदच्या (सरकारच्या बचतगट अभियानाच्या) ग्रामसंघातल्या बायकांना, मच्छीमार सोसायटीच्या सेक्रेटरीला, अंगणवाडीताईंना आणि आशाताईंना भेटा, आशाताईंना कुठल्या घरात पाणी शिरतं ते तोंडपाठ असतं. कातकरीवाडीत दिवाळीआधीच जाऊन या, नंतर बरीचशी माणसं कोळसा आणि वीटभट्ट्यांवर जातात ती थेट पावसाच्या तोंडावर येतात, आणि त्यांच्या मागे ठरवलेलं काम त्यांचं नसतं. मुलींच्या नेमणुका नोव्हेंबरपर्यंत करा, मोजणीचे अर्ज डिसेंबरात पडू देत कारण तारीख मिळायला वेळ लागतो, आणि आगोटीचे पैसे काहीही झालं तरी एप्रिल संपायच्या आत खात्यात गेले पाहिजेत. गुहागर-दापोलीकडे कुठल्या वाड्यांपासून सुरुवात करावी याबद्दल बोलायचं असेल तर विश्वस्तांची बैठक झाल्यावर सांगा, तोवर गावांची नावं मी मुद्दाम घेत नाही, उगाच आशा लागते.